हौशी मद्यकर्त्याचे सोवळे

घरच्या घरी बिअर किंवा वाइन करण्याच्या छंदावर इंग्लंडात जी पुस्तके निघाली, त्यांतील एखाद्याची पहिली काही पाने वाचून वाचकाचा असा समज होतो की हा छंद पिणाऱ्यांचा आहे, आणि पुढची पाने वाचली की त्याची खात्री पटते की तो भांडी घासणाऱ्यांचा आहे. साखरेचे मद्यार्कात रूपांतर करण्याचे मूळ काम यीस्ट हा एकपेशीय जीव करतो. तो ते रात्रंदिवस, बिनपगारी आणि कोणाच्याही देखरेखीशिवाय करतो, आणि त्याचे श्रेय दुसऱ्याने लाटले तरी त्याची तक्रार नसते. माणसाच्या वाट्याला तीन कामे उरतात: यीस्टला नांदण्यासाठी स्वच्छ भांडे द्यावे, इतर सूक्ष्मजीवांना त्या भांड्याकडे फिरकू देऊ नये, आणि काम चालू असताना झाकण उघडून आत डोकावू नये. यांपैकी तिसरे काम फारसे कोणाला जमत नाही, पहिल्याचा बहुतेकांना कंटाळा असतो, आणि त्यामुळे हौशी मद्यकर्त्याची सारी निष्ठा दुसऱ्या कामात एकवटते. ही निष्ठा इतकी कर्मठ, इतकी खर्चिक आणि प्रसंगी इतकी धोक्याची असते की तिचा स्वतंत्र विचार करणे प्राप्त आहे.

हा छंद ब्रिटनमध्ये फोफावला तो कायद्याच्या कृपेने. ग्लॅडस्टन यांनी १८८० साली घरगुती बिअरवर परवान्याचे बंधन घातले होते. ते अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी १९६३ साली उठवले, आणि स्वतःच्या घरी, स्वतःच्या घशापुरती बिअर करणाऱ्या नागरिकाला सरकारदरबारी हेलपाटे घालण्याचे कारण उरले नाही. घरगुती वाइनवर असे बंधन नव्हतेच, त्यामुळे सी. जे. जे. बेरी यांचे त्या विषयावरचे पुस्तक १९६० सालीच निघाले होते. इंग्लंडात द्राक्षे बेताचीच, म्हणून ही वाइन एल्डरच्या फुलांची, डँडेलियनच्या पाकळ्यांची, पार्सनिपच्या कंदांची, थोडक्यात कुंपणापाशी किंवा परसात जे म्हणून उगवते त्याची केली जात असे. सत्तरच्या दशकात बूट्स या औषधविक्रेत्यांच्या दुकानांतही बिअरचे संच मिळू लागले, आणि खोकल्याचे औषध आणायला गेलेला गृहस्थ माल्टचा डबा घेऊन परतू लागला.

या छंदाची सामग्री साधी असते. बिअरसाठी ५ गॅलनची, म्हणजे सुमारे २३ लिटरची, झाकणाची प्लास्टिकची बादली. वाइनसाठी डेमीजॉन, म्हणजे १ गॅलन, सुमारे साडेचार लिटर, मावेल अशी अरुंद गळ्याची काचेची बरणी. तिच्या तोंडावर एअरलॉक, म्हणजे पाणी भरलेली वळणदार नळी, जिच्यातून आतला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो पण बाहेरची हवा आणि चिलटे आत जात नाहीत. द्रव एका भांड्यातून दुसऱ्यात उतरवण्यासाठी लांब नळी. आणि शेवटी चाळीसेक बाटल्या, ज्या पुष्कळदा शेजाऱ्यांच्या औदार्याने आणि तळाशी सुकलेल्या बुरशीसह प्राप्त होतात. हे सगळे एकदम धुता येईल एवढी मोठी जागा घरात एकच असते, ती म्हणजे न्हाणीघरातला टब, आणि म्हणून बाटल्या भरण्याच्या दिवशी त्या घरातील बाकीची मंडळी बिनआंघोळीची राहतात. स्वच्छतेच्या या उपक्रमाचा तो पहिला परिणाम.

शास्त्राच्या दृष्टीने येथे तीन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्यांची गल्लत हा या छंदाचा स्थायीभाव आहे. पहिली क्रिया धुण्याची, म्हणजे डोळ्यांना दिसणारा मळ, सुकलेला फेस आणि हॉप्सचा चिकट राप घासून काढण्याची. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची फुले. दुसरी सॅनिटायझिंगची, म्हणजे धुतलेल्या पृष्ठभागावरील सूक्ष्मजीवांची संख्या इतकी खाली आणण्याची की यीस्टचा जम बसेपर्यंत त्यांना डोके वर काढता येऊ नये. तिसरी निर्जंतुकीकरणाची, म्हणजे बीजाणूंसकट एकूण एक जीव मारण्याची. तिला दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि बादलीवर ती करायला गेल्यास निर्जंतुक काय झाले हे पाहण्यासाठी बादली शिल्लक राहत नाही. ब्रिटिश हौशी मनुष्य करतो दुसरी क्रिया, तिला नाव देतो तिसरीचे, आणि गाळतो पहिली. वास्तविक मळ असेल तिथे सॅनिटायझरचे काही चालत नाही. मळाखाली जंतूंचा चिकट थर, ज्याला बायोफिल्म म्हणतात, सुखाने नांदतो, आणि वरून ओतलेले महागडे द्रावण मळाशी झगडण्यातच खर्ची पडते. घासणीचे काम औषधाने होत नाही. पण मोजपात्र हाती घेणाऱ्याला शास्त्रज्ञाची कळा येते आणि घासणी घेणाऱ्याला ती येत नाही, हा यातला खरा अडसर आहे.

मराठी वाचकाला हा व्यवहार समजावून देण्यास सोवळ्याइतकी सोयीची कल्पना दुसरी नाही. सॅनिटायझरच्या बादलीतून हात बाहेर काढला की तो सोवळ्यात गेला. त्या हाताने दाराची कडी, चष्मा, टेलिफोन किंवा मांजर यांपैकी कशालाही स्पर्श झाला की तो ओवळा झाला आणि पुन्हा बादलीत बुडवणे आले. चमचा ओट्यावर ठेवला तर विटाळला. सोवळ्यातल्या ताटलीत ठेवला तर चालतो, परंतु ताटली ओट्यावर असल्यामुळे तिची वरची बाजू सोवळी आणि खालची ओवळी अशी अवस्था होते, जिच्यावर हौशी मंडळींत तासन्‌तास शास्त्रार्थ होऊ शकतो. फवारणीच्या बाटलीने नळीच्या टोकावर, झाकणावर, कात्रीवर आणि कात्रीने कापायच्या यीस्टच्या पाकिटावर प्रोक्षण केले जाते. मुलाबाळांना त्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर उभे राहून बोलावे लागते. जुन्या सोवळ्याहून याचे वेगळेपण एवढेच की याला सूक्ष्मदर्शकाचा आधार आहे. तो आधार नेमका कुठपर्यंत पोहोचतो हे मात्र पाळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते, आणि त्या बाबतीत दोन्ही संप्रदाय पुन्हा एक होतात.

उदाहरणार्थ, बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा, गोड काढा करतात. त्याला वर्ट म्हणतात आणि तो हॉप्सबरोबर तासभर खळखळून उकळला जातो. या उकळीच्या आधी त्याला जे काही लागले असेल, त्यातील चव बिघडवणारे सारे जीव या तासाभरात नष्ट होतात, म्हणून उकळीपूर्वीची भांडी नुसती धुतलेली असली तरी पुरते. नवखा मनुष्य मात्र उकळता काढा ढवळण्याचा डाव दोन मिनिटे द्रावणात बुडवून, निथळवून, हातमोज्यांच्या चिमटीत धरून पातेल्यापर्यंत नेतो आणि शंभर अंशांच्या काढ्यात घालतो. खरा धोका सुरू होतो तो आच बंद झाल्यावर, काढा साठ-सत्तर अंशांच्या खाली उतरू लागला की. आणि नेमक्या त्या वेळी, दिवसभराच्या सोवळ्याने थकलेला असल्यामुळे, तोच मनुष्य तापमापी ओट्याच्या फडक्याला पुसून आत बुडवतो. वाइनमध्ये ही उकळीची सोय नाही, कारण फळांचा रस उकळला की त्याची चव मुरंब्याकडे झुकते आणि वाइन गढूळ राहते. तिथे फळांच्या सालीवरून आलेल्या रानटी यीस्टचा आणि जंतूंचा बंदोबस्त सल्फाइट घालून आधी करावा लागतो आणि मग साधारण एक दिवस थांबून आपले यीस्ट सोडावे लागते. हा एक दिवस काही न करता घालवणे पुष्कळांना साऱ्या धुलाईपेक्षा जड जाते.

एवढी भीती कोणाची, हे पाहिले तर आणखी गंमत दिसते. तयार बिअरचा पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप, सामान्यतः ४ ते ४.५ असतो, तिच्यात मद्यार्क असतो, हॉप्समधली कडू आम्ले असतात, कार्बन डायऑक्साइड असतो आणि प्राणवायू जवळजवळ नसतो. अशा जागी माणसाला आजारी पाडणारे जंतू तग धरत नाहीत. वाइन तर त्याहून आंबट आणि कडक. जे तग धरतात ते चव बिघडवणारे. लॅक्टोबॅसिलस हा विरजणातल्या जंतूंच्या कुळातला, तो बिअरला आंबवतो; पेडिओकॉकसमुळे तिला लोण्याचा वास येतो आणि कधी तारही सुटते; अ‍ॅसिटोबॅक्टरला हवा मिळाली की तो वाइनचे व्हिनेगर करतो. यांपैकी एकही माणसाला रुग्णालयात पाठवत नाही. न आंबवलेला काढा मात्र हवाबंद करून साध्या तापमानात दिवसचे दिवस ठेवून देऊ नये, कारण बोटुलिझमचे विष निर्माण करणाऱ्या जंतूंचे बीजाणू उकळीलाही दाद देत नाहीत. काढा निवला की यीस्ट लगेच घालावे, हा नियम चवीइतकाच आरोग्याचा आहे. रुग्णालयाची वाट दाखवणाऱ्या उरलेल्या गोष्टी जंतूंच्या नाहीत. त्यांचा विचार पुढे होईल.

जंतूंना या प्रकरणात आरोपी म्हणून उभे केले ते लुई पाश्चर यांनी. १८७१ साली ते लंडनच्या व्हिटब्रेड या बिअरच्या कारखान्यात गेले, तिथल्या पोर्टर या काळसर बिअरचे यीस्ट मागून घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि हे यीस्ट दूषित आहे असे यजमानांना त्यांच्याच घरात सांगितले. पाहुण्याने असे बोलल्यावर यजमानाने त्याला दार दाखवावे ही जनरीत. परंतु आठवड्याच्या आत पाश्चर पुन्हा गेले तेव्हा कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता. बिअरवरील त्यांचा ग्रंथ १८७६ साली आला. पुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट १८८३ साली प्रत्यक्ष कारखान्यात वापरात आणले. त्याच कार्ल्सबर्गमधील क्लॉसेन यांनी १९०४ साली मुरवलेल्या इंग्लिश बिअरमध्ये एक रानटी यीस्ट शोधून त्याला ब्रिटनच्या नावावरून ब्रेटानोमायसिस असे नाव दिले. जुन्या इंग्लिश बिअरची खास चव त्याच्यामुळे येते असे त्यांचे म्हणणे होते. त्याचा वास घोड्याच्या पागेची आठवण देतो असे जाणकार सांगतात, आणि ज्या चवीवर आपले पणजोबा खूश होते ती घराबाहेर ठेवण्यासाठी आजचा ब्रिटिश हौशी मद्यकर्ता दर महिन्याला रसायनांवर पैसे मोजतो.

या रसायनांत सर्वांत स्वस्त म्हणजे घरचा ब्लीच, रासायनिक भाषेत सोडियम हायपोक्लोराइट. ब्रिटनमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्यांसाठी मिल्टन नावाचे जे द्रावण मिळते तेही याच जातीचे (मराठी घरातल्या त्याच नावाच्या पाण्याच्या बाटलीशी त्याचा संबंध नाही), त्यामुळे तान्हे मूल आणि मुरणारी बिअर एकाच घरात असल्यास एका बाटलीत दोघांचेही भागते. क्लोरीन जंतूंना उत्तम मारतो, पण त्याचा अंश भांड्यात राहिला तर माल्टमधल्या फिनॉल गटातील द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि ती एका अब्जात काही भाग एवढी अल्प असली तरी जिभेला कळतात. बिअरला जखमेवर लावायच्या औषधाचा वास येतो. तो टाळण्यासाठी भांडे भरपूर पाण्याने धुवावे लागते, आणि मग ज्या पाण्याने धुवायचे ते सोवळे की ओवळे हा प्रश्न उभा राहतो. उकळून निववलेले पाणी हे त्याचे सरळ उत्तर आहे. ते पुष्कळांना फारच सोपे वाटते.

वाइनवाल्यांचा भर सल्फाइटवर, म्हणजे सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइटवर असतो. त्याच्या कॅम्पडेन नावाच्या गोळ्या मिळतात, त्या ग्लॉस्टरशरमधील चिपिंग कॅम्पडेन या गावाच्या नावाने. आंबट द्रवात त्यांतून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि तो सूक्ष्मजीवांना दाबून ठेवतो; मारतोच असे नाही. म्हणूनच नुसत्या पाण्यात सल्फाइट विरघळवून बाटल्या विसळल्यास काम अर्धवट होते, आणि त्यात सायट्रिक आम्ल घालण्याची पद्धत आहे. द्रावण पुरेसे कडक झाले की नाही हे पाहण्यासाठी बरणीत नाक खुपसून दीर्घ श्वास घेण्याचीही पद्धत आहे. ती जो एकदा अवलंबतो तो पुन्हा अवलंबत नाही. दम्याच्या रुग्णांनी तर या वायूपासून लांबच राहावे. सल्फाइट लिटरमागे १० मिलिग्रॅमहून जास्त असेल तर तसे बाटलीवर छापण्याची सक्ती ब्रिटनमधील आणि युरोपातील विक्रेत्यांवर आहे, ती काही लेबल शोभावे म्हणून नाही.

बिअरवाल्यांच्या नव्या पिढीने दोन देव आणले. एक आयोडोफॉर, म्हणजे वाहक द्रव्याला बांधलेले आयोडीन, जे मुळात गोठ्यांत आणि दुग्धशाळांत वापरले जाते. त्याचे दहा लाखांत १२.५ ते २५ भाग एवढे सौम्य द्रावण पुरते, रंग उडाला की त्याची शक्ती गेली हे आपोआप कळते, आणि प्लास्टिकच्या नळ्या पिवळट होतात त्या कायमच्या. दुसरा फॉस्फोरिक आम्ल आणि फेस आणणारे एक द्रव्य यांचे अमेरिकी मिश्रण, स्टार सॅन. ते लिटरला सुमारे दीड मिलिलिटर एवढेच लागते, एक-दोन मिनिटांत काम करते आणि नंतर भांडे धुण्याची गरज नसते. अडचण फेसाची येते. बादली कडेपर्यंत पांढऱ्या फेसाने भरलेली असताना तिच्यातच बिअर ओता असे सांगितले, तर ज्याच्यावर आयुष्यभर साबण नीट धुण्याचे संस्कार झाले त्याचा हात धजावत नाही; तो फेस घालवण्यासाठी बादली नळाखाली धरतो आणि सगळ्या सोवळ्यावर नळाचे पाणी फिरवतो. लंडनच्या जड पाण्यात हे द्रावण दुधाळ होते, तेव्हा कागदी पट्टीने पीएच ३ च्या खाली आहे ना एवढे पाहावे. तिसरे सोडियम परकार्बोनेट. ते मुळात धुण्याचे द्रव्य, पाण्यात पडले की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते आणि वाळलेला मळ उकलतो. या सर्वांत अधिक उपयोगी तेच, आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

खरा धोका असतो तो सिंकखालच्या कपाटात. तिथे ब्लीच, फॉस्फोरिक आम्ल, सायट्रिक आम्ल, सल्फाइट, संडास धुण्याचे आम्ल, अमोनिया असलेले काच पुसण्याचे पाणी आणि कॉस्टिक सोडा एकाच फळीवर दाटीवाटीने उभे असतात, आणि हौशी मनुष्याची गणिती श्रद्धा अशी असते की दोन औषधे एकत्र केली तर दुप्पट जंतू मरतील. ब्लीचमध्ये आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच. हिवाळ्यात खिडक्या घट्ट लावलेल्या इंग्लिश न्हाणीघरात त्याचे प्रमाण युद्धाइतके नसले तरी जंतूंच्या आधी मद्यकर्त्याला धाप लागण्यास ते पुरते. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन वायू होतात, तेही फुफ्फुसांना तितकेच घातक. मिसळण्याचा हेतू नसतानाही हे घडते: ब्लीचची बादली नुसती उपडी केली, पाण्याने धुतली नाही, आणि तीतच आम्लाचे द्रावण ओतले. म्हणून एका रसायनानंतर दुसरे वापरायचे तर मध्ये भरपूर पाणी, उघडी खिडकी आणि घटकाभराचा वेळ आवश्यक.

कॉस्टिक सोड्याची गोष्ट वेगळी. तो पाण्यात पडताच पाणी तापते, म्हणून नेहमी गार पाण्यात सोडा थोडा थोडा घालावा, सोड्यावर पाणी ओतू नये. डोळ्यांना चष्मा आणि हाताला रबरी मोजे हवेत. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला तो खातो आणि वर ज्वालाग्राही हायड्रोजन सोडतो. परकार्बोनेटचे द्रावण उद्यासाठी बाटलीत बूच लावून ठेवल्यास त्यातून प्राणवायू सुटत राहतो आणि बाटली उद्यापर्यंत थांबत नाही. थंडगार डेमीजॉनमध्ये कढत पाणी ओतले की काच तडकते. आणि फेसाळ हातांनी ती गळ्याशी धरून उचलली की निसटते, व मग टाके हाताला पडतात. सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त मोडली जाणारी सूचना अशी की उरलेले द्रावण बिअरच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये, कारण अशा घरात चिठ्ठी नसलेल्या बाटलीकडे पाहुणे चौकशी म्हणून पाहत नाहीत, आमंत्रण म्हणून पाहतात.

एवढी सिद्धता करूनही जे राहून जाते ते बादलीच्या तळाशी असते. बाटल्या भरायच्या बादलीला प्लास्टिकची एक तोटी बसवलेली असते. बाहेरून ती चकचकीत, आतून द्रावणाने विसळलेली, आणि म्हणून सर्वांच्या लेखी शुद्ध. ही तोटी ओढली की दोन तुकड्यांत निघते, हे तिच्या मालकाला पुष्कळदा काही बादल्या आंबून गेल्यावरच कळते. निघाल्यावर आतल्या फिरत्या दट्ट्याभोवती तपकिरी, बोटाला चिकटणारी, आंबूस वासाची साय दिसते, आणि रबरी वॉशरच्या मागे मागच्या उन्हाळ्यातल्या बिअरचे अवशेष. प्रत्येक बाटलीत गेलेला प्रत्येक घोट या सायीला प्रदक्षिणा घालून गेलेला असतो. तीच गोष्ट बादलीच्या तळावरच्या ओरखड्यांची: निष्ठेच्या भरात तारेच्या काथ्याने घासल्यामुळे ते पडतात, आणि जंतूंना कायमचे घर मिळते ते घासणाऱ्याच्याच हातून. प्लास्टिक मऊ फडक्यानेच पुसावे आणि ओरखडे पडलेली बादली कपडे भिजवायला द्यावी. नळीतून द्रव उतरवताना तोंडाने ओढण्याची सवय तर सोवळ्याची परमावधी: चष्म्याला स्पर्श झाला म्हणून हात तीनदा बुडवणारा गृहस्थ नळीचे टोक सरळ तोंडात धरतो. त्यावर तोड म्हणून आधी व्होडकाने चूळ भरावी असे काही जण सुचवतात. ती चूळ थुंकून टाकल्याचे सहसा दिसत नाही.

बिअर बिघडली की खापर जंतूंवर फुटते, मग ती उन्हाळ्यात तीस अंशांवर आंबवल्यामुळे डोके धरायला लावणारी झालेली असो, जुन्या माल्टच्या डब्यामुळे शाईसारखी लागत असो किंवा बाटल्या भरताना साखर दुप्पट पडल्यामुळे छतापर्यंत उडालेली असो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार उलट दिशेनेही चालतो: दुसऱ्या दिवशी यीस्टने आणलेला दाट, तपकिरी, ओंगळ दिसणारा फेस पाहून घाबरलेला नवखा मनुष्य उत्तम चाललेली बादली मोरीत ओततो. बाटल्या फुटण्याचे एक कारण मात्र खरोखर सूक्ष्मजीवांकडे जाते, कारण काही रानटी यीस्ट साध्या यीस्टला न पचणारी साखरही हळूहळू पचवतात आणि बंद बाटलीत दाब वाढवत राहतात. तुषार उडवत उघडणारी बाटली एखादीच नसून सगळीच तुकडी तशी निघाली, तर उरलेल्या बाटल्या हातमोजे आणि चष्मा घालून, गार करून उघडाव्यात.

या साऱ्याच्या विरोधी टोकाला ब्रसेल्सच्या अँडरलेख्ट भागातील कँतियाँ हा १९०० साली सुरू झालेला बिअरचा कारखाना आहे. तिथे उकळलेला काढा माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतून जे सूक्ष्मजीव पडतील त्यांच्यावरच आंबवण्याचे काम सोपवतात. कोळ्यांची जाळी तिथे झाडत नाहीत, कारण कोळी चिलटे खातात. ही हकीकत ऐकून घासण्याला कंटाळलेल्या मद्यकर्त्यांना मोठा आधार वाटतो आणि ते आपल्या अडगळीच्या खोलीकडे अभिमानाने पाहू लागतात. ते हकीकतीचा अर्धाच भाग ऐकतात. तिथली लाकडी पिंपे रिकामी झाली की गरम पाण्याने आणि आत साखळ्या घालून गरगरा फिरवून घासली जातात आणि त्यांत गंधक जाळले जाते. कोळ्याला अभय आहे, पिंपाच्या तळाला नाही.

महाराष्ट्रातील वाचकाने या माहितीचा उपयोग करण्यापूर्वी १९४९ चा दारूबंदी अधिनियम ध्यानात घ्यावा. त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि पिण्यासाठीही परवाना लागतो. बाटल्या धुण्यास मनाई नाही. ज्या घरात बिअरचा थेंबही कधी येणार नाही, तिथेही न्हाणीघराच्या फडताळावर संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर शेजारीशेजारी ठेवलेली असण्याचा संभव मोठा आहे. ती आजच वेगवेगळ्या जागी ठेवावीत, एकाच वेळी एकाच फरशीवर टाकू नयेत, आणि चुकून टाकली गेलीच तर घासत न बसता दार उघडून आधी बाहेर पडावे.